कॉलेजच्या दाराआधीची वाट

बारावीचे निकाल लागले की शिक्षकांच्या खोलीत दोन प्रकारची चर्चा होते. पहिली मोठ्या आवाजात होते : यंदा शाळेचा निकाल किती टक्के लागला? दुसरी हळू आवाजात होते : अमक्याला गुण चांगले पडले होते, पण तो पुढे शिकलाच नाही. तो का शिकला नाही, याची उत्तरे आपल्याजवळ तयार असतात. घरची गरिबी, फी, एसटीची गैरसोय, 'शिकून तरी काय होणार' हा घरच्यांचा प्रश्न. ही कारणे खरीच असतात. पण त्यांतले कोणते कारण किती वजनाचे, हे आपण सहसा मोजून पाहत नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील टेनेसी या राज्याने ते मोजून पाहिले. क्षेत्रफळाने हे राज्य महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे. अधिक मुले कॉलेजात गेली आणि तिथे टिकली, तर राज्याची आर्थिक स्थिती सुधारेल, या विचाराने तिथे गेली चाळीस वर्षे एकामागून एक उपाय झाले. काही उपाय लागू पडले, काही फसले. पण फसलेल्या उपायांचीही नोंद राहिली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या इतिहासाचे आकर्षण वाटते ते त्यामुळेच. फसलेला प्रयोग नीट लिहून ठेवला तर तोही उपयोगी पडतो.

स्वस्त वीज, स्वस्त मजूर

विज्ञानाच्या शिक्षकांना टेनेसीची ओळख बहुधा एका खटल्यामुळे असते. १९२५ मध्ये डेटन या गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने १९२७ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर ती शिक्षा रद्द केली, पण ज्या कायद्याखाली खटला भरला तो कायदा १९६७ पर्यंत टिकून होता.

भूगोलाच्या शिक्षकांना हे राज्य आठवते ते टेनेसी खोरे प्राधिकरणामुळे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत नद्यांवर धरणांची मालिका उभी राहिली, पूर आटोक्यात आले आणि गरीब डोंगराळ भागात वीज पोचली. आपले दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये याच नमुन्यावर स्थापन झाले. या स्वस्त आणि भरपूर विजेमुळेच दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी लागणारे युरेनियम वेगळे करण्याचे कारखाने टेनेसीतील ओक रिज येथे उभारले गेले.

ओक रिजची एक हकिगत इथे सांगण्याजोगी आहे. युरेनियमची समस्थानिके वेगळी करणारी 'कॅल्युट्रॉन' नावाची यंत्रे चालवायला हजारो माणसे हवी होती. आसपासच्या गावांतील, नुकत्याच शाळा संपवलेल्या मुली त्यासाठी भरती करण्यात आल्या. आपण काय तयार करतो आहोत हेही त्यांना सांगितलेले नव्हते. यंत्रे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना वाटे, हे डॉक्टरेट मिळवलेल्यांचेच काम आहे. प्रकल्पाचे अधिकारी कर्नल केनेथ निकोल्स यांनी दोन्ही गटांच्या कामाची तुलना करवली, तेव्हा मुलींचे उत्पादन जास्त भरले. काटा जरा हलला की शास्त्रज्ञ त्याचे कारण शोधत बसत. मुली शिकवल्याप्रमाणे तो जागेवर आणून पुढे जात. गावाकडच्या मुलांच्या कुवतीविषयीची शंका त्या वेळीच फिटायला हवी होती.

ती फिटली नाही. युद्धानंतरही राज्याने उद्योगांना बोलावले ते स्वस्त वीज आणि स्वस्त मजूर यांच्या जोरावर. त्यातही काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांचे दरवाजे बंदच होते. ओक रिजजवळच्या क्लिंटन गावच्या हायस्कुलात १९५६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बारा काळी मुले दाखल झाली, तेव्हा गावात दंगली झाल्या. १९५८ मध्ये ती शाळाच सुरुंगाने उडवण्यात आली. काही काळ तिचे वर्ग ओक रिजमधील एका रिकाम्या शाळेत भरले. लोकसंख्येच्या एका भागाला शिक्षणाबाहेर ठेवून कोणत्याही राज्याची आर्थिक प्रगती मोजता येत नाही. पुढच्या आकड्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

चिठ्ठ्या टाकून भरलेले वर्ग

१९८० च्या सुमारास चित्र बदलू लागले. निस्सान या जपानी कंपनीने स्मर्ना गावी मोटारींचा कारखाना काढला आणि १९८३ मध्ये तिथून पहिली गाडी बाहेर पडली. १९८५ मध्ये जनरल मोटर्सनेही आपल्या नव्या कारखान्यासाठी याच राज्याची निवड केली. या कारखान्यांना यंत्रमानवांबरोबर काम करू शकणारा, आलेख वाचू शकणारा कामगार हवा होता. शाळा सुधारल्या तर रोजगार सुधारेल, हे त्या वेळचे गव्हर्नर लामार अलेक्झांडर यांचे सूत्र होते.

पण शाळा सुधारायची म्हणजे काय करायचे? हेलन पेट-बेन या अनुभवी शिक्षिका आणि प्राध्यापिका अनेक वर्षे सांगत होत्या की खालच्या वर्गांत मुले कमी असली पाहिजेत. यावर आक्षेप एकच होता : वर्ग लहान करायचे तर शिक्षक जास्त लागतात आणि खर्च फार येतो. तेव्हा विधिमंडळाने अगदी शास्त्रीय वाट धरली. आधी प्रयोग करू, मग ठरवू.

१९८५ मध्ये ७९ शाळांत 'स्टार' या नावाने प्रयोग सुरू झाला. बालवर्गातील मुलांचे तीन प्रकारचे वर्ग केले : १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि मदतनीस दिलेला नेहमीचा वर्ग. कोणते मूल कोणत्या वर्गात जाईल आणि कोणता शिक्षक त्यांना शिकवेल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे निव्वळ योगायोगावर सोडले होते. यातच प्रयोगाचे सामर्थ्य आहे. जागरूक पालकांची मुलेच लहान वर्गात गेली असती, तर फरक वर्गामुळे पडला की पालकांमुळे, हे कळले नसते. चार वर्षांत सुमारे ११,६०० मुले या प्रयोगात सहभागी झाली. तिसरीनंतर सर्वांना नेहमीच्या वर्गांत पाठवण्यात आले.

लहान वर्गांतील मुले वाचनात आणि गणितात पुढे राहिली. गरीब आणि काळ्या मुलांना झालेला फायदा अधिक होता. नुसता मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९९५ मध्ये या प्रयोगाची गणना शिक्षणातील सर्वांत महत्त्वाच्या संशोधनांत केली.

खरी गंमत पुढे आहे. ती मुले मोठी झाली आणि १९९८ च्या सुमारास त्यांची शाळा संपली. अ‍ॅलन क्रूगर आणि डायन व्हिटमोर या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्यापैकी कोण कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला बसले ते तपासले. नेहमीच्या वर्गांतल्या काळ्या मुलांपैकी सुमारे ३२ टक्के मुले परीक्षेला बसली होती, तर लहान वर्गांतल्यांपैकी सुमारे ४० टक्के. २०१३ मध्ये सुझन डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचा माग काढला. लहान वर्गात शिकलेल्या दर शंभर मुलांमागे जवळजवळ तीन जास्त मुले कॉलेजात गेली होती. सर्वांत गरीब मुलांच्या शाळांत हा फरक शंभरामागे सातांहून अधिक होता. लहान वर्गातून आलेल्यांमध्ये विज्ञान, तंत्रज्ञान, वाणिज्य अशा चांगली मिळकत देणाऱ्या शाखांकडे वळणाऱ्यांचे प्रमाणही वाढले होते.

कॉलेजात जाण्याचा निर्णय अठराव्या वर्षी होतो असे आपण मानतो. त्याचा काही भाग पाचव्या-सहाव्या वर्षीच, बाईंनी मुलाच्या पाटीत डोकावण्याला वेळ मिळतो की नाही यावर ठरलेला असतो, असे हे आकडे सांगतात.

अर्थात प्रयोग यशस्वी झाला म्हणजे त्याची कोणतीही नक्कल यशस्वी होते असे नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये घाईघाईने राज्यभर वर्ग लहान केले. एवढे शिक्षक आणायचे कुठून? पुरेसे प्रशिक्षण नसलेल्या अनेकांना वर्गावर उभे करावे लागले आणि निकाल संमिश्र आले.

खोटी गुणपत्रिका

टेनेसीची पुढची अडचण वेगळी होती. शाळांच्या परीक्षांत बहुतेक मुले उत्तीर्ण होत आणि आकडे उत्तम दिसत. पण राष्ट्रीय पातळीवरच्या चाचणीत तीच मुले मागे पडत. २००७ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी महासंघाने सर्व राज्यांच्या शिक्षणाचे मूल्यमापन केले. 'मुलांच्या प्रगतीविषयी राज्य खरे सांगते का', या विषयात टेनेसीला चक्क नापासाचा शेरा मिळाला.

ही नामुष्की राज्याने मान्य केली, हे विशेष. गव्हर्नर फिल ब्रेडसन यांच्या काळात अभ्यासक्रमाची आणि परीक्षांची पातळी वाढवण्यात आली. २०१० मध्ये नव्या परीक्षांचे निकाल लागले तेव्हा 'प्रवीण' ठरलेल्या मुलांचे प्रमाण एकदम खाली आले. मुले एका वर्षात मंद झाली नव्हती, मोजपट्टी सरळ झाली होती. ज्याचे तापमान मोजायचे त्याला ताप आहे हे कळू नये म्हणून तापमापकच दुरुस्त न करणे, ही चूक प्रयोगशाळेत कोणी करणार नाही. शाळांच्या बाबतीत ती सर्रास होते, कारण खरा आकडा जाहीर करणाऱ्याला तो ऐकून घ्यावा लागतो.

खोट्या आकड्यांची किंमत मुले मोजत होती. कम्युनिटी कॉलेज म्हणजे घराजवळची, दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी सरकारी कॉलेजे. तिथे प्रवेश घेणाऱ्या दहांपैकी सुमारे सात मुलांना शाळेचेच गणित किंवा भाषा पुन्हा शिकावी लागे. या 'पूरक' वर्गांची फी भरावी लागे, पण ते पदवीसाठी धरले जात नसत. त्यात सहा महिने, वर्ष गेले की मुले कंटाळून घरी बसत किंवा हातगोदामात कामाला लागत.

तयारी म्हणजे नेमके काय?

यावर २०१२ मध्ये चॅटानूगाच्या कम्युनिटी कॉलेजातून एक सोपा उपाय निघाला. पूरक गणित कॉलेजात शिकवायचे ते बारावीतच संगणकावर का करून घेऊ नये? कल्पना सर्वांना पटली आणि लवकरच राज्यभर पसरली. हजारो मुलांनी हा अभ्यास पुरा केला आणि त्यांची पूरक वर्गांतून सुटका झाली. वर्तमानपत्रांतून कौतुक झाले.

मग हार्वर्डच्या संशोधकांनी या मुलांच्या गणिताची तपासणी केली. २०१९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता : मुले पूरक वर्गातून सुटली हे खरे, पण त्यांचे गणित सुधारलेले दिसत नाही. म्हणजे अडथळा एका इमारतीतून उचलून दुसरीत ठेवला होता एवढेच.

दरम्यान राज्याने दुसरा उपाय करून पाहिला होता. पूरक वर्ग आधी आणि खरा अभ्यास नंतर, हा क्रमच मोडायचा. कच्च्या मुलालाही पहिल्याच सत्रात कॉलेजच्या गणिताच्या वर्गात बसवायचे आणि त्याच आठवड्यात, त्याच धड्यासाठी, जादा तासाचा आधार द्यायचा. २०१४ मध्ये थोड्या कॉलेजांत चाचणी झाली आणि २०१५ पासून सर्व कम्युनिटी कॉलेजांत ही पद्धत आली. पूर्वी पूरक गणितात अडकलेल्या मुलांपैकी वर्षभरात कॉलेजचे गणित पार करणारी सुमारे १२ टक्के असत. नव्या पद्धतीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले.

मुले तीच होती आणि गणितही तेच होते. 'तयारी नसलेला विद्यार्थी' हा शिक्का आपण मुलावर मारतो, पण ती तयारी त्याच्याकडून कोणत्या क्रमाने करून घेतली, हा प्रश्न आपल्याला विचारला जायला हवा. पोहणे शिकवताना काठावर हात मारण्याचा सराव काही दिवस चालतो. वर्षभर काठावरच ठेवले तर मूल पाण्याला घाबरते.

फी आणि सोबत

तरी मोठा प्रश्न उरलाच होता : फी. २००८ मध्ये नॉक्सव्हिल शहरात एक स्थानिक योजना आखली गेली. शाळा संपवणाऱ्या कोणत्याही मुलाची, इतर शिष्यवृत्त्या मिळून जी फी उरेल ती भरायची, आणि त्याला एक स्वयंसेवक मार्गदर्शक द्यायचा. बिल हॅस्लम तेव्हा शहराचे महापौर होते. २०११ मध्ये ते गव्हर्नर झाले आणि ही कल्पना राज्यभर नेण्याची संधी त्यांना मिळाली.

२०१३ मध्ये राज्यातील साधारण एक तृतीयांश प्रौढांकडेच कॉलेजची पदवी किंवा प्रमाणपत्र होते. २०२५ पर्यंत हे प्रमाण ५५ टक्क्यांवर न्यायचे असे हॅस्लम यांनी ठरवले. त्यामागे रोखठोक आर्थिक हिशेब होता. टेनेसी राज्य पगारावर प्राप्तिकर घेत नाही, त्याची मोठी भिस्त विक्रीकरावर आहे. लोकांच्या हाती पैसा असेल तर ते खरेदी करतील आणि तेव्हाच सरकारी तिजोरीत भर पडेल. अशा राज्याला कमी पगाराचे नागरिक परवडत नाहीत. फोक्सवॅगनने २०११ मध्ये चॅटानूगात उत्पादन सुरू केले, तेव्हा कारखाना येणे आणि त्यातली चांगली नोकरी आपल्या गावच्या मुलाला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही दिसू लागले होते.

२०१४ मध्ये 'टेनेसी प्रॉमिस' हा कायदा झाला. शाळा संपवणाऱ्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेजात किंवा आपल्या आयटीआयशी मिळत्याजुळत्या तंत्रशिक्षण संस्थेत विनाशुल्क शिक्षण मिळू लागले. पैसा राज्य लॉटरीच्या निधीतून आला. अटी साध्या होत्या : केंद्र सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज वेळेत भरायचा, मार्गदर्शकांच्या सभेला यायचे, आणि दर सत्रात आठ तास समाजसेवा करायची.

२०१४ मध्ये शाळा संपवून लगेच कॉलेजात जाणारी मुले सुमारे ५८ टक्के होती. २०१५ मध्ये ती ६४ टक्के झाली. एका वर्षात एवढी उडी क्वचितच दिसते.

पण हिशेबात एक कोडे होते. सर्वांत गरीब मुलांची कम्युनिटी कॉलेजची फी केंद्राच्या अनुदानातून आधीही बहुतांशी भरली जात होती. त्यांना राज्याकडून नवे पैसे फारसे मिळालेच नाहीत. मग ती कशामुळे आली? नॉक्सव्हिलच्या योजनेचा अभ्यास करणाऱ्या सेलेस्ट कॅरुथर्स आणि विल्यम फॉक्स या अर्थशास्त्रज्ञांनाही हेच दिसले. गरीब आणि कमी गुणांच्या मुलांना लाभ झाला, आणि त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने आली होती ती सोबत. अर्ज कुठला, तारीख कोणती, कागद कोणता राहिला, हे विचारणारे एक मोठे माणूस. शिवाय 'फी माफ आहे' हे वाक्य इतके सरळ होते की चौदा वर्षांच्या मुलालाही ते समजत होते. पूर्वीची मदत खरी होती, पण ती अर्जांच्या जंगलात लपलेली होती.

उतरलेला आलेख

इथेच गोष्ट संपवली तर ती सुखान्त होईल, पण खरी होणार नाही. कोरोनाच्या साथीनंतर आलेख उतरला. २०२१ मध्ये शाळा संपवलेल्यांपैकी जेमतेम ५३ टक्के मुले लगेच कॉलेजात गेली. म्हणजे फी माफ असूनही प्रमाण योजनेच्या आधीपेक्षा खाली आले. मुलींपेक्षा मुलगे जास्त गळाले. गोदामांत आणि दुकानांत तेव्हा लगेच पगार मिळत होता. २०२३ पर्यंत आकडा पुन्हा ५७ च्या जवळ आला. शिवाय कॉलेजात शिरलेल्यांपैकी बरीच मुले प्रमाणपत्र न घेताच बाहेर पडतात, ही व्यथा कायम आहे. अर्धवट सोडलेल्या शिक्षणाचा उपयोग ना मुलाला होतो, ना राज्याला.

मग चाळीस वर्षांच्या या खटाटोपातून हाती काय लागले? आमच्या मते एकच गोष्ट, पण मोलाची. कॉलेजचे दार सताड उघडले तरी त्याच्यापर्यंतची वाट कोणी बांधली नसेल तर मुले पोचत नाहीत. ती वाट बालवर्गापासून सुरू होते, खऱ्या गुणपत्रिकेवरून जाते, आणि शेवटच्या वळणावर हात धरणारे कोणीतरी लागते. यांतला एकच तुकडा बांधून बाकीचे सोडले की खर्च होतो आणि आलेख पुन्हा उतरतो.

मुलांना राज्याच्या उत्पन्नाचे साधन समजावे का, असा प्रश्न काही वाचक विचारतील. तो योग्यच आहे. ओक रिजच्या त्या मुली आणि क्लिंटनची ती बारा मुले कोणाच्या आर्थिक आलेखासाठी जन्मली नव्हती. पण या इतिहासात ज्या ज्या वेळी राज्याने सर्वांत मागच्या बाकावरच्या मुलाकडे लक्ष दिले, त्या त्या वेळी आकडेही सर्वांत जास्त हलले. न्याय आणि हिशेब यांची उत्तरे इथे तरी एकच आली.

आपल्याकडे वर्गात किती मुले असावीत किंवा फी किती असावी, हे शिक्षकाच्या हातात नसते. दोन गोष्टी मात्र असतात. मुलाला खरे काय येते ते त्याला वेळेत सांगणे, आणि जून महिन्यात त्याचा अर्ज कुठवर आला ते विचारणे. गेल्या पाच वर्षांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांची यादी काढून कोण कुठे पोचले आणि कोण कुठे थांबले, याची नोंद एखाद्या शाळेने केली, तर तोही एक प्रयोगच होईल. त्यासाठी एक वही पुरते.